चौथा थांबा

माझ्या टेबलावर एक पितळी घंटा असते. घरी येणारे तिला पूजेची समजतात आणि ती पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, चष्म्याच्या घराशेजारी ठेवलेली पाहून जरा नाराज होतात. ती पूजेची नाही, पोहण्याची आहे. एकदा वाजली की पोहायचं, दोनदा वाजली की जेवायचं, तीनदा वाजली की चहा. चौथ्या वेळी ती वाजवायची नसते.

इस्माईलचाचा गेले, त्यांच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी जुलेखाचाचींनी ती माझ्याकडे पाठवून दिली. सोबत निरोप होता की घरात ठेवली तर येताजाता हात लागून वाजते आणि मग उगीच भूक लागते. तेव्हाच ठरवलं होतं की चाचांवर काहीतरी लिहायचं. मला लिहायला वेळ लागतो. बराच लागला.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीतल्या एका वाचनालयात सहायक म्हणून कामाला होतो. बाहेर गल्लीगल्लीत लूमचा खडखडाट असे आणि त्यातच आमचे वाचक पान उलटत. चाचा पहिल्यांदा आले ते पांढराशुभ्र कोट घालून. कोटाची पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खाली चौकड्याची लुंगी. त्यांनी मला मास्तर म्हणून हाक मारली. मी मास्तर कधीच नव्हतो, पण ज्याच्या हातात पुस्तक तो मास्तर, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी सर्वांत मोठा नकाशासंग्रह मागितला, सेशेल्स बेटांचं पान काढलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या बाइंडरने माझ्या बेमधून सुई घातली आहे."

चाचा भंडारी होते. जहाजावरच्या स्वयंपाक्याला खलाशी लोक भंडारी म्हणतात. त्यांच्या घराण्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात. चाचाही मोठ्या मालवाहू बोटींवर लागले, पण पुढे नशिबाने त्यांना एका वेगळ्याच नौकेवर नेऊन ठेवलं. ती शिडाची, पांढरी, ऐटबाज नौका होती. माल नेत नसे, टपाल नेत नसे. गोरी कुटुंबं ती दहा-दहा दिवस भाड्याने घेत आणि या बेटावरून त्या बेटावर हिंडत. काम काय, तर थांबणं. किनारा कवेत घेतल्यासारखा जिथे आत वळतो, त्या जागेला चाचा बे म्हणत. अशा एकेका बेमध्ये जाऊन नांगर टाकायचा, आणि दिवसाचे थांबे चार. सकाळी पोहण्याचा, दुपारी जेवणाचा, मग चहाचा, आणि ऊन उतरलं की शेवटचा.

"शेवटच्यात काय करायचे?" मी विचारलं होतं.

"काही नाही. बसायचं. साहेब आणि मेमसाहेब शेजारी शेजारी बसायचे, पाण्याकडे बघायचे. त्याचेच तर पैसे देत होते."

"आणि तुम्ही?"

"भंडारी उभा असतो, मास्तर. मागे. ट्रे घेऊन."

नकाशातली सुई त्यांना फार लागली. त्यांनी वाचनालयाच्या समितीला रीतसर अर्ज दिला की, अमुक पानावरील अमुक बेटाच्या नैऋत्येस उत्तम वाळूचा तळ असलेली जागा शिलाईत गेली आहे, तरी पुस्तक उसवून पुन्हा शिवावं. आमचे अध्यक्ष अप्पासाहेब निवृत्त हेडमास्तर. कुठलाही अर्ज न वाचता फेटाळणं त्यांना पाप वाटे. समितीने पाऊण तास चर्चा केली आणि ठराव केला की, सदर बेट तूर्त आहे तेथेच ठेवावे. चाचांनी ठरावाची नक्कल मागून घेतली आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. बेट हलणार नाही असं सरकारी भाषेत कुणीतरी लिहून दिलं, यावर ते खूश होते.

ते रोज येऊ लागले. खिडकीजवळच्या बाकावर बसत, आणि बसल्याबरोबर भिंतीवरचं घड्याळ आणि कपाटाची मूठ एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहून घेत. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा अशा जुळवून ठेवायच्या असतात. त्या एकमेकींपासून सरकल्या तर समजायचं की नांगर धरत नाही, नौका घसरते आहे. एकदा भर दुपारी, सगळे वाचक पेंगत असताना, ते मला हळूच म्हणाले, "मास्तर, आपण वाहवतोय." मी हसलो. त्यांनी बोटाने दाखवलं. घड्याळ आणि मूठ यांच्यात चार बोटांचं अंतर पडलं होतं. "लोकांना उठवा," ते म्हणाले. मी उठवणार एवढ्यात बाकाचा मागचा पाय निखळला आणि तीन वाचक एकावर एक दैनिकांसकट खाली आले. चाचा आधीच उठून उभे होते. बाक गेले पंधरा दिवस लादीवर सरकत होता आणि ते त्याची नोंद ठेवत होते.

कुठल्याही गोष्टीचा तळ विचारायची त्यांना सवय होती. खाली वाळू आहे, चिखल आहे की खडक, हे कळल्याशिवाय त्यांचं मत बनत नसे. माझ्या बहिणीला स्थळ सांगून आलं तेव्हा मी त्यांना मुलाचं शिक्षण, नोकरी, घर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक. तळाला काय आहे?" मी म्हटलं, आई जरा कडक आहे म्हणतात. "खडक," ते म्हणाले. "नांगर टाका, पण दोरी लांब सोडा." बहिणीने सासर-माहेरमध्ये पुढे बरोबर तेवढंच अंतर ठेवलं आणि सुखी झाली.

त्यांचा पुतण्या लतीफशेठ. कामतघरला त्याचे बारा लूम होते. घरात बसून चाचा चाचींना थांबे घ्यायला लावतात, तेव्हा निदान चाचींना उसंत मिळावी म्हणून त्याने चाचांना कारखान्यात देखरेखीला बसवलं. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या सोमवारी सकाळी दहा वाजता चाचांनी ही घंटा एकदा वाजवली आणि जाहीर केलं की पोहण्याचा थांबा आला आहे. कामगार यूपीचे. त्यांतला एक म्हणाला, "चाचा, तैरना है कि काम करना है?"

"दोनों," चाचा म्हणाले. "पहले तैरना."

शिफ्टमधले सगळे लुंग्या खोचून कामतघरच्या तलावावर गेले. लूम मात्र चालूच राहिले, कारण लूम बंद करून जायचं असतं हे चाचांनी सांगितलं नव्हतं आणि पोहायच्या आनंदात बाकीच्यांना सुचलं नव्हतं. परत आले तेव्हा तीन लूमवर तुटलेल्या धाग्यांसकट इतकं विरळ कापड विणलं गेलं होतं की त्यातून पीठ चाळता आलं असतं. लतीफशेठ कपाळाला हात लावून म्हणाला की चाचा, हा कारखाना आहे, बेट नाही. चाचा म्हणाले, तेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. नोकरी दुसऱ्या आठवड्यातच संपली. कामगार मात्र पुढे कित्येक महिने रस्त्यात भेटले की त्यांना विचारत, "चाचा, अगला स्टॉप कब?"

त्यातूनच होडी आली. खाडीतून रेती काढणाऱ्या एकाची जुनी होडी चाचांनी विकत घेतली, भेगा बुजवल्या, पांढरा रंग दिला आणि नाव ठेवलं मुबारक. भिवंडीच्या बंदरावर पूर्वी गलबतं लागत असं म्हणतात. आमच्या वेळी तिथे रेती, चिखल आणि बगळे होते. पण चाचांनी तीनचार महिने खाडी पालथी घालून थांबे नक्की केले. पोहण्याचा थांबा बंदरापासून थोडा पुढे. जेवणाचा थांबा एका आत शिरलेल्या चिंचोळ्या फाट्यात, दोन्हीकडे तिवरांची झाडी, पलीकडे पूर्णा गावची भातशेती. आता तिथे सगळी गोदामं झाली आहेत. चहाचा थांबा तीन ताडांपाशी. ते नारळ आहेत असं चाचा म्हणत आणि त्यावर चर्चा चालवून घेत नसत. आणि चौथा, खाडी जिथे रुंद होते आणि समोर मावळतीचं ऊन पाण्यावर पसरतं तिथे.

हे सगळं कशासाठी, ते मला उशिरा कळलं. एकदा ते नकाशा मिटून म्हणाले की चाळीसेक तरी मेमसाहेबांना मी चौथ्या थांब्यावर चहा दिला असेल. त्या वेळी आमची ही घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. तिने अजून पाण्यावर पाय ठेवलेला नाही. एकदा तिला पाहुणी म्हणून न्यायचंय, मास्तर. चारही थांबे. बाकी काही नको.

चाचींचं म्हणणं साधं होतं. हा माणूस बावीस वर्षं बोटीवर होता आणि सांगितलेल्या दिवशी एकदाही घरी आला नाही. सहा महिने म्हणाला की चौदा, ईदला येतो म्हणाला की पुढच्या ईदला. तेव्हा त्यांनी अट घातली. आधी दुसऱ्या पाहुण्यांना नेऊन आण. चार थांबे घे, आणि असरच्या अजानच्या आत बंदरावर परत ये. एकदा वेळेवर आलास, की मी बसते.

असरच्या आत म्हणजे ऊन उतरायच्या आधी. चौथा थांबा जरा लवकर घ्यावा लागणार होता, पण चाचांनी ते मान्य केलं.

इथे माझा संबंध येतो. तो आला नसता तर बरं झालं असतं.

भरतीची वेळ काढायची खाडीकाठच्या लोकांची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चाचा चांदच्या तारखेवर चालत. आकाशात चांद दिसला की त्यांचा महिना सुरू, म्हणजे पंचांगातल्या तिथीपेक्षा एक दिवस मागे. म्हणून ते आपल्या तारखेत एक मिळवत आणि मग पाऊणपट करत. त्या वेळी परतीच्या पावसाचे ढग होते. चांद कुणी पाहिला, कुणी नाही, मोहल्ल्यात दोन मतं पडली होती. चाचा माझ्याकडे आले. पुस्तक वाद घालत नाही, म्हणाले, रविवारी कितवा दिवस ते बघून सांगा. मी पंचांग काढलं आणि सांगितलं, तीन. पंचांगात तृतीया होती, पण ती तिथी आहे हे मी बोललो नाही. ते मान हलवून गेले आणि त्यांनी सवयीने त्यात एक मिळवला.

भरती सव्वादोनला होती. चाचांच्या हिशोबाने ती तीनला होती.

पाहुणे चार. अप्पासाहेब, त्यांच्या पत्नी माई, लतीफशेठ आणि मी. वल्ही मारायला रेतीवरचे दोन खलाशी. अप्पासाहेबांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. चाचा कोट घालून काठावर उभे राहून प्रत्येकाला हात देत होते. लतीफलासुद्धा त्यांनी अनोळखी असल्यासारखं "वेलकम" म्हटलं. बंदरावरच्या भिंतीआड बुरख्यातली एक बाई उभी होती. कोण ते आम्ही कुणी पाहिलं नसल्यासारखं केलं.

पोहण्याच्या थांब्यावर घंटा झाली. कुणी पोहलं नाही. चाचा मात्र चार टॉवेल हातावर घेऊन दहा मिनिटं उभे राहिले आणि मग माईंनी, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, पाण्यात बोटं बुडवली. चाचांनी त्यांना टॉवेल दिला.

जेवणाच्या फाट्यात आम्ही चढत्या पाण्याबरोबर आत गेलो. अप्पासाहेब आणि माईंसाठी वेगळी भांडी, वेगळा डबा, वरण-भात-तूप, आमच्यासाठी बिर्याणी. सुरेख जेवण झालं. मग अप्पासाहेबांनी बेटे आणि मानवी जीवन यावर चार शब्द सांगितले. त्यांचे चार शब्द मी वाचनालयात नेहमी ऐकत असे, आणि त्यांना किती वेळ लागतो तेही मला माहीत होतं. मी चाचांकडे पाहिलं. ते निश्चिंत होते. म्हणाले, बोलू द्या, पाणी अजून चढतंय.

पाणी चढत नव्हतं. हे पहिल्यांदा अप्पासाहेबांच्याच लक्षात आलं, कारण बोलताना ते हळूहळू डावीकडे कलत होते. चाचांनी काठावरचं तिवर आणि पलीकडचं खोपट यांची रेषा पाहिली. नौका घसरत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नांगराने इतकं पक्कं धरलं होतं.

खलाशांनी वल्ही टेकवून रेटून पाहिलं. वल्ही चिखलात कोपरभर गेली, होडी बोटभर हलली नाही. पुढची भरती मध्यरात्रीनंतर. एवढ्यात तिवरांतून एक बाई आली. कमरेला टोपली, चिंबोऱ्या धरायला निघालेली. तिने होडीकडे, आमच्याकडे आणि अप्पासाहेबांच्या धोतराकडे पाहिलं.

"इथं कशाला थांबलाव?"

"जेवणाचा थांबा आहे," चाचा म्हणाले.

"चिखलान?"

"आधी पाणी होतं."

"पानी हाय तवा जायाचं," ती म्हणाली. "आता बसा."

पण तिने बसू दिलं नाही. होडीतल्या दोन फळ्या काढायला लावल्या. एक पुढे टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची उचलून पुढे टाकायची, असं करत तिने आम्हाला एकेकाला शेतापर्यंत नेलं. माई सगळ्यांत सफाईने गेल्या. लतीफशेठचा एक बूट खाडीत राहिला. अप्पासाहेब तिसऱ्यांदा फळी बदलताना काहीतरी सांगायला थांबले आणि मांडीपर्यंत आत गेले. त्यांना ओढून काढताना बाई म्हणाली, "बाबा, बोलाचं नंतर." एवढ्या वर्षांत त्यांना हे सांगणारी ती पहिलीच. चाचा शेवटपर्यंत होडीत उभे होते, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला हात देऊन "थँक यू, पुन्हा या" म्हणत होते. आम्ही बांधावरून चालायला लागलो तेव्हा दुरून असरची अजान ऐकू आली. मी मागे वळून पाहिलं. ते तिवरांत एकटे, ट्रे हातात घेऊन उभे होते. त्या वेळी मला हसू आलं नाही.

नंतर ते वाचनालयात आले, पण कोटाशिवाय. नकाशा मागितला नाही. बसताना खुणा जुळवल्या नाहीत. होडी दुसऱ्या दिवशी बंदरावर आणली होती, आणि पुढच्या आठवड्यात रेतीवाला ती परत न्यायला येणार होता. आपला हिशोब चुकला असं ते म्हणाले. बावीस वर्षांत कधी चुकला नव्हता, नेमका त्याच दिवशी चुकला.

मी घरी जाऊन पंचांग पुन्हा पाहिलं आणि मग तो एक दिवस माझ्या ध्यानात आला. त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही. मी चाचींकडे गेलो. त्या दारात बसून कांड्या भरत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तिथी, चांद, मिळवलेला एक. चूक माझी आहे, चाचांची नाही, त्यांची वेळ बरोबर आली असती.

चाचींचं चाक थांबलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, आणि आधीची बावीस वर्षं? ती पण तुमच्याच पुस्तकामुळे?"

मग त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी टॉवेल खरंच दिला त्याने माईंना?"

"दिला. दोन बोटं पुसायला."

आता चाक थांबलं. "होडी कुठे आहे?"

"बंदरावर. ओहोटीला चिखलात बसते."

"मग ठीक आहे," चाची म्हणाल्या. "चिखलातल्या होडीला उशीर होत नाही. त्याला म्हणावं, कोट घाल."

गुरुवार होता. मी वाचनालय बंद करून गेलो आणि बंदरावरच्या त्याच भिंतीआड उभा राहिलो. ओहोटी होती. मुबारक दोरीला बांधलेली, जरा कललेली, चिखलात घट्ट बसली होती. चाचांनी हात दिला आणि चाची दोन फळ्यांवरून चालत जाऊन तिच्यात बसल्या. मग चाचांनी घंटा एकदा वाजवली. चाचींपुढे टॉवेल धरला. चाचींनी इकडेतिकडे पाहिलं, आजूबाजूला चिखलाशिवाय काही नव्हतं, आणि तरी त्यांनी गंभीरपणे हात पुसले. दोनदा वाजली. डबा उघडला. मधे चाचा एकदा टोकाला जाऊन, डोळ्यांवर हात धरून, पुढचं बेट किती लांब आहे ते बघून आले. चाचींनी काहीतरी विचारलं, बहुतेक किती लांब तेच. त्यांनी बोटं दाखवली. तीनदा वाजली. थर्मासमधून चहा झाला.

मग घंटा वाजली नाही. चाचा ट्रे घेऊन मागे जाऊन उभे राहिले, सरळ, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चाची समोर पाहत होत्या. ऊन पिवळं होऊन खाडीवर आलं होतं. बऱ्याच वेळाने चाचींनी मागे न बघता शेजारच्या फळीवर हात आपटला. एकदा. चाचा हलले नाहीत. दुसऱ्यांदा आपटला.

चाचा बसले. ट्रे कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून तो मांडीवर घेऊन बसले.

मी माझ्यासमोरची बंदरावरची खुंटी आणि होडीचं टोक सहज एका रेषेत धरून पाहत होतो. त्या दोघांपैकी कुणीही इकडे बघत नव्हतं. पाणी कधी आलं ते मला कळलं नाही. होडी हळूच सरळ झाली, आणि तिचं टोक खुंटीपासून सरकायला लागलं.